‘जीव घाबरा होतो’ : एक प्रस्तावना

झरीहून तलासरीच्या ग्रामीण रुग्णालयात आलेली बाई ओपीडीच्या रांगेत तास-दीड तास उभी राहते आणि डॉक्टरांसमोर दोन मिनिटे बसते. काय होतेय असे विचारल्यावर सांगते : जीव घाबरा होतो, डोके दुखते, हातापायांत ताकद नाही, अन्न गोड लागत नाही. रक्तदाब ठीक असतो, नाडी थोडी जलद, पापण्या आतून फिकट. केसपेपरवर ‘जनरलाइज्ड वीकनेस’ लिहिले जाते. लोहाच्या गोळ्या, बी-कॉम्प्लेक्स आणि अ‍ॅसिडिटीची गोळी घेऊन ती परत जाते. पंधरा दिवसांनी पुन्हा येते आणि पुन्हा तेच सांगते.

यातली एकही गोळी चुकीची नाही. तिचे रक्त खरोखरच कमी आहे. पण तिचा नवरा गुजरातच्या मासेमारी बोटीवर खलाशी आहे, ती बोट सागरी हद्दीजवळ पकडली गेली आणि तो कराचीच्या तुरुंगात आहे, हे कोणी विचारले नाही म्हणून तिने सांगितले नाही. रात्री तीनला तिची झोप मोडते आणि विहिरीकडे जाताना मनात नको ते येते, हेही नाही. ही कुणी एक बाई नव्हे. डहाणू-तलासरीच्या पट्ट्यातून कितीतरी आदिवासी तरुण बोटींवर जातात, कितीतरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात, आणि मागे राहिलेल्यांच्या छातीतली धडधड दवाखान्यात येते. अशी पहिली बाई माझ्याकडे आली तेव्हा मी फिजिशियन म्हणून नवखा होतो. तिचा ईसीजी मी दोनदा काढला, थायरॉईडची तपासणी लिहून दिली आणि दोन्ही नॉर्मल आल्यावर ‘काही नाही, घाबरू नका’ म्हणून तिला पाठवले. ‘काही नाही’ हे शब्द मी किती सहज वापरत होतो, याची जाणीव व्हायला मला फार वर्षे लागली.

मानसोपचाराचे शिक्षण नसलेले डॉक्टर, म्हणजे फिजिशियन, सर्जन, बाळंतपणे करणारे, हाडांचे, प्राथमिक आरोग्य केंद्रातले बीएएमएस किंवा एमबीबीएस वैद्यकीय अधिकारी, आपल्या रुग्णातला मानसिक आजार कितपत अचूक ओळखतात, हा या पुस्तकाचा विषय आहे. प्रश्न साधा वाटतो, पण त्यावर साठ वर्षे जगभर वाद चालू आहे.

या वादाची सुरुवात इंग्लंडमध्ये झाली. मायकेल शेफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये सामान्य दवाखान्यांतल्या मानसिक आजारांवर ग्रंथ लिहिला. मानसिक आजाराचा बहुतांश भार मनोरुग्णालयांत नसून साध्या डॉक्टरांच्या दारात आहे, हे त्यांनी आकड्यांनी मांडले. डेव्हिड गोल्डबर्ग यांनी १९७२ मध्ये सर्वसाधारण आरोग्याची प्रश्नावली तयार केली. १९८० मध्ये पीटर हक्सली यांच्यासह त्यांनी गाळण्यांची कल्पना मांडली. गावातल्या आजारी माणसांतली काहीच दवाखान्यात पोचतात, ही पहिली गाळणी. पोचलेल्यांतल्या काहींनाच डॉक्टर ओळखतो, ही दुसरी. ओळखलेल्यांतले थोडेच तज्ज्ञाकडे जातात आणि त्यांतले फारच थोडे मनोरुग्णालयात दाखल होतात. दुसरी गाळणी डॉक्टरच्या टेबलावर असते, आणि हे पुस्तक त्या गाळणीबद्दल आहे. गोल्डबर्ग यांच्या कामातला मला सगळ्यांत मोलाचा वाटणारा निष्कर्ष आकडेवारीचा नाही. चांगले ओळखणाऱ्या डॉक्टरांसमोर रुग्ण स्वतःच अधिक खुणा देतात, असे त्यांना दिसले. डॉक्टर कागदावरून डोळे वर उचलतो, मोकळा प्रश्न विचारतो, मधेच तोडत नाही, आणि समोरचा माणूस बोलू लागतो. याचा अर्थ अचूकता ही एकट्या डॉक्टरच्या डोक्यात साठवलेली वस्तू नाही. ती दोघांत घडते, आणि दोन मिनिटांत तिला घडायला जागाच मिळत नाही.

भारत या अभ्यासांत सुरुवातीपासून आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रकल्पात चंदीगडच्या डॉ. एन. एन. विग यांच्या चमूने हरियाणातल्या रायपूर राणी भागात काम केले. कोलंबिया, सुदान आणि फिलिपाइन्सबरोबर झालेल्या त्या पाहणीचे निष्कर्ष १९८० मध्ये आले. प्राथमिक केंद्रांत आलेल्या प्रौढांपैकी सुमारे १४ टक्क्यांना मानसिक आजार होता आणि त्यांतले दोन तृतीयांश आरोग्य कर्मचाऱ्यांच्या नजरेतून सुटत होते. पुढे १५ शहरांत, त्यांत बंगळूरही, झालेली पाहणी १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. तिथे सामान्य दवाखान्यांतल्या दर चार रुग्णांमागे जवळपास एकाला मानसिक आजार आढळला, आणि डॉक्टरांनी ओळखले ते साधारण निम्म्यांना.

मग २००९ मध्ये अ‍ॅलेक्स मिचेल यांच्या गटाने नैराश्याविषयीचे ४१ अभ्यास आणि पन्नास हजारांहून अधिक रुग्ण एकत्र करून हिशेब मांडला. शंभर रुग्णांत वीसजण नैराश्यग्रस्त धरले, तर सामान्य डॉक्टर त्यांतले दहा ओळखतो आणि दहा सोडतो. उरलेल्या ऐंशींपैकी पंधरा जणांवर मात्र नसलेल्या नैराश्याचा शिक्का मारतो. हा तिसरा आकडा वाचकाने विसरू नये. आपल्याकडे चर्चा नेहमी सुटलेल्यांची होते, चुकीचा शिक्का बसलेल्यांची होत नाही. ‘फंक्शनल आहे’, ‘सायक केस आहे’ असे वॉर्डात पुटपुटले गेले की त्या माणसाच्या पोटदुखीकडे पुढे कोणी पाहत नाही. सिकलसेलच्या वेदनेने तळमळणाऱ्या आदिवासी मुलाला ‘नाटक करतो’ असे म्हटलेले मी माझ्या कानांनी ऐकले आहे. मानसिक आजार न ओळखणे आणि शारीरिक आजाराला मानसिक ठरवणे, या दोन्ही चुका एकाच घाईतून येतात. मिचेल यांच्या त्याच विश्लेषणात आणखी एक गोष्ट होती : एका भेटीवर न थांबता काही महिन्यांत पुन्हा तपासले, तर अचूकता वाढते. पंधरा दिवसांनी परत येणारी झरीची बाई डॉक्टरला दुसरी संधी देत असते.

आता रुग्णालयातल्या खाटेकडे येऊ. बाह्यरुग्ण विभागात वेळ कमी असतो, तर वॉर्डात आजारच गुंतागुंतीचा असतो. मानसोपचारतज्ज्ञ नसलेल्या डॉक्टरांनी नैराश्य ओळखण्याविषयीच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २००८ मध्ये आला. त्यानुसार खरे नैराश्य असलेल्यांपैकी जेमतेम ३६ टक्के ओळखले जात होते. याला कारणही आहे. क्षयरोगाच्या, मूत्रपिंडाच्या, कर्करोगाच्या रुग्णाला भूक नसते, झोप नसते, थकवा असतो. नैराश्याची लक्षणेही हीच. मग डॉक्टर म्हणतो, एवढ्या आजारात कोण आनंदी असेल? हा विचार दयाळू वाटतो, पण त्यापायी उपचार राहून जातो. म्हणूनच झिग्मंड आणि स्नेथ यांनी १९८३ मध्ये रुग्णालयासाठी मोजपट्टी बनवताना भूक, थकवा असली शारीरिक लक्षणे बाजूला ठेवली आणि आनंद वाटेनासा झाला का, हे विचारले.

पण रुग्णालयात खरी फसवणूक होते ती डिलिरियमच्या बाबतीत. मराठीत त्याला ‘वात झाला’, ‘भ्रम झाला’, ‘बडबडतोय’ म्हणतात. कुठल्यातरी शारीरिक कारणाने, तापाने, जंतुसंसर्गाने, रक्तातले मीठ घटल्याने किंवा औषधाने मेंदूचे भान तासागणिक वरखाली होते. जो रुग्ण ओरडतो, सलाईन उपटतो, तो दिसतो. जो शांतपणे भिंतीकडे पाहत पडून राहतो, प्रश्न विचारला तर हळू उत्तर देतो, तो दिसत नाही. अमेरिकेत १९९५ मध्ये झालेल्या एका अभ्यासात ‘नैराश्य वाटते’ म्हणून मानसोपचार विभागाकडे पाठवलेल्या रुग्णालयातल्या रुग्णांपैकी दहांतले चार प्रत्यक्षात डिलिरियममध्ये होते. त्यांना नैराश्याच्या गोळ्या सुरू केल्या असत्या तर मूळचा संसर्ग वाढत राहिला असता. शॅरन इनूये यांनी १९९० मध्ये दिलेली पद्धत त्यासाठीच आहे. बदल अचानक आणि वरखाली होणारा आहे का, लक्ष टिकते का, बोलणे विस्कळीत आहे का, शुद्ध बदलली आहे का, एवढे ती पाहायला सांगते. लक्ष तपासायला शिक्षण लागत नाही. आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगितले, तरी पुष्कळ कळते. शाळेत न गेलेल्या माणसाला शंभरातून सात वजा करायला सांगणे हा मात्र त्याच्यावर अन्याय आहे.

डहाणू-तलासरीत डिलिरियमचा एक ओळखीचा प्रकार आहे. तरुण माणूस मोटारसायकलवरून पडून मांडीचे हाड मोडून येतो. पहिल्या दिवशी शांत असतो. दुसऱ्या दिवशी हात थरथरतात, घाम येतो, झोप लागत नाही. तिसऱ्या रात्री त्याला अंगावर किडे फिरताना दिसतात, ओळखीची माणसे अनोळखी वाटतात, तो मोडलेल्या पायावर उभा राहू पाहतो. घरच्यांना वाटते कोणीतरी काहीतरी केले. सिस्टरना वाटते वेड लागले. त्याचे हात खाटेला बांधले जातात. घडलेले इतकेच असते की रोजची ताडी किंवा मोहाची दारू अचानक बंद झाली आणि भरती करताना ‘रोज किती पिता?’ हे कोणी विचारले नाही. हा आजार जीव घेऊ शकतो. पहिल्याच दिवशी विचारले असते, तर औषधाने तो टाळता आला असता. अशा माणसाला ग्लुकोजची सलाईन लावण्याआधी थायमिन द्यावे लागते, नाहीतर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. या विषयावर पुस्तकात सर्वाधिक पाने आहेत. काही वाचकांना ते प्रमाणाबाहेर वाटेल, मला वाटत नाही.

ओळख सुधारायची कशी, याविषयी तज्ज्ञांत तट पडले आहेत. एक पक्ष प्रशिक्षणावर भर देतो. स्वीडनच्या गोटलंड बेटावर १९८३-८४ मध्ये सगळ्या सामान्य डॉक्टरांना नैराश्याचे शिक्षण दिले. त्यानंतर बेटावरच्या आत्महत्या कमी झाल्या, पण काही वर्षांत परिणाम ओसरला. शिकलेले डॉक्टर बेट सोडून गेले होते. आदिवासी भागातल्या बदल्या पाहिलेल्या कोणालाही याचे नवल वाटणार नाही. पुढे इंग्लंडमध्ये हँपशरला मोठी चाचणी झाली, तिच्यात शिक्षणाने ओळख सुधारली नाही. दुसरा पक्ष प्रश्नावल्यांवर विसंबतो. नैराश्यासाठीची नऊ प्रश्नांची पीएचक्यू २००१पासून जगभर पसरली आणि तिचे मराठी रूपही वापरात आहे. पण सरसकट सगळ्यांची चाळणी करावी का, यावर एकमत नाही. अमेरिकेच्या तज्ज्ञ समितीने उपचारांची सोय असेल तर करावी असे म्हटले, तर कॅनडाच्या समितीने २०१३ मध्ये करू नये असे सांगितले. तिसरा पक्ष या दोघांनाही अडवतो. दुःखाला आजार म्हणू नका, गरिबीला गोळी देऊ नका, असे त्यांचे म्हणणे. आर्थर क्लाइनमन यांनी चीनमधल्या हुनान प्रांतात ‘मज्जातंतूंच्या दुर्बलते’चे निदान झालेले १०० रुग्ण तपासले, तेव्हा ८७ जणांत नैराश्याचे निकष पूर्ण होत होते. तरी क्लाइनमन यांनी रुग्णांची शरीराची भाषा खोटी ठरवली नाही. शरीरातून दुःख सांगणे ही माणसाची एक पूर्ण भाषा आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. मी स्वतः त्यांच्या बाजूचा आहे. मात्र दुःख आणि आजार यांतली रेघ शोधण्याचा कंटाळा म्हणून कोणी ‘हे सामाजिक आहे’ म्हणून हात झटकले, तर ते मला मान्य नाही.

या भाषेवर गोव्यात झालेले काम आपल्याला सर्वांत जवळचे. विक्रम पटेल आणि ‘संगाथ’ ही संस्था (स्थापना १९९६) यांनी दाखवले की अंगावरून पांढरे जाण्याची तक्रार करणाऱ्या पुष्कळ स्त्रियांत संसर्गापेक्षा मानसिक ताणाशी, नैराश्याशी त्या तक्रारीचे नाते अधिक घट्ट आहे. म्हापशाच्या जिल्हा रुग्णालयातल्या बाळंतिणींच्या अभ्यासात सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांत नैराश्य आढळले (२००२). आणि २०१० मध्ये ‘मानस’ चाचणीचे निकाल आले. डॉक्टर नसलेल्या, स्थानिक, प्रशिक्षित समुपदेशकांची जोड दिल्यावर सरकारी प्राथमिक केंद्रांत सहा महिन्यांनी ६५.९ टक्के रुग्ण बरे झाले होते. जोड नसलेल्या केंद्रांत हे प्रमाण ४२.५ टक्के होते. खासगी दवाखान्यांत असा फरक पडला नाही. कारणांबद्दल मतभेद आहेत. माझी समजूत अशी की तिथे डॉक्टर आणि रुग्ण यांची जुनी ओळख आधीच काम करत होती.

भारतात सामान्य रुग्णालयात मानसोपचाराचा प्रवेश १९३३ मध्ये कोलकात्यात गिरींद्रशेखर बोस यांनी करून दिला. १९३८ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात के. के. मसानी यांनी तसेच काम सुरू केले. त्याआधी या भागातल्या माणसाला मानसिक आजारासाठी १९०१ साली उभे राहिलेले ठाण्याचे मनोरुग्णालय होते, आणि आजही कित्येकांच्या मनात ‘ठाण्याला नेणे’ या शब्दांचा एकच अर्थ आहे. १९८२ चा राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम, बळ्ळारी जिल्ह्यात झालेला त्याचा प्रयोग आणि १९९६पासूनचा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम यांनी प्राथमिक डॉक्टरला केंद्रस्थानी ठेवले. कागदावर तरी.

ती बाई जिथून येते त्या झरीचे नाव महाराष्ट्राला माहीत आहे ते २३ मे १९४५ च्या सभेमुळे. गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या पुढाकाराने हजारो वारली तिथे जमले आणि वेठ करणार नाही असे ठरवून उठले. ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे गोदावरीबाईंचे पुस्तक प्रत्येक नव्या वैद्यकीय अधिकाऱ्याने वाचावे, असे मला मनापासून वाटते. टेबलामागे बसलेल्या, केसपेपरवर लिहिणाऱ्या माणसासमोर बोलताना इथली एखादी आजी मान खाली घालते, थोडक्यात उत्तर देते, ‘हो’ म्हणून मोकळी होते. त्या मान खाली घालण्याला इतिहास आहे. ‘पेशंट अनकोऑपरेटिव्ह’ असे लिहिण्याआधी तो ठाऊक असावा. भगताबद्दलही तेच. बहुतेक रुग्ण आधी त्याच्याकडे जाऊन आलेले असतात, आणि रागावण्याची भीती वाटली की लपवतात. ‘भगत काय म्हणाला?’ असे शांतपणे विचारले की घरात कोणावर भुताळीचा आळ आला आहे का, हेही कळते. अशा आळामागे कधी एखाद्या बाईचा आजार असतो, तर कधी तिच्या जिवाला धोका.

हे पुस्तक आता यावे याला कारणे आहेत. मे २०१८पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने सर्वसाधारण आरोग्यसेवेच्या प्रत्येक पातळीवर मानसिक उपचार मिळणे हा हक्क मानला. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा समावेश नव्हता. पण शेजारचे गुजरात आणि मध्य प्रदेश त्यात होते, आणि देशभरात निरनिराळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के माणसे उपचाराविना असल्याचे दिसले. ऑक्टोबर २०२२पासून ‘टेलिमानस’ मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक आहे. तलासरीच्या डॉक्टरलाही आता तज्ज्ञाचा सल्ला दूर नाही. मात्र फोन कोणासाठी करायचा, हे आधी ओळखावे लागते.

आणखी एक कारण याच मातीतले आहे. नोव्हेंबर २०१८पासून धुंदलवाडीच्या परिसरात भूकंपाचे धक्के सुरू झाले. डहाणू-तलासरीतली कुटुंबे थंडीत घराबाहेर झोपली. जमीन स्थिर असतानाही हलते आहे असे वाटणे, चक्कर, धडधड, आवाजाने दचकणे, ही लक्षणे भूकंपानंतर जगभर दिसतात. अशा रुग्णाला भास होतात असे लिहिणे जितके चूक, तितकेच ‘काही नाही’ म्हणणेही. तिथे जमीन खरोखर हलत होती.

राहिला विष प्यायलेल्या रुग्णांचा विषय. मेडिको-लीगल केस (एमएलसी) होते, पोट धुतले जाते, अ‍ॅट्रोपिन दिले जाते, जीव वाचतो. जबाबात ‘चुकून प्यायले’ असे येते आणि चौथ्या-पाचव्या दिवशी माणूस त्याच घरी, त्याच बाटलीजवळ परत जातो. आता कायद्याची भीती पूर्वीसारखी नाही. २०१७ च्या त्याच मानसिक आरोग्य सेवा कायद्याने असा माणूस तीव्र ताणाखाली असल्याचे गृहीत धरले, आणि जुलै २०२४पासूनच्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारे जुने ३०९ कलम राहिलेले नाही. जागतिक आरोग्य संघटनेने चेन्नईसह पाच ठिकाणी केलेला अभ्यास २००८ मध्ये आला. रुग्णालयातून सोडण्याआधी एक तास बोलणे आणि पुढे दीड वर्षात नऊ वेळा भेट किंवा फोन, एवढेच त्यात केले होते. नेहमीचे उपचार मिळालेल्यांत २.२ टक्के माणसे पुढे आत्महत्येने गेली, या गटात ०.२ टक्के. इतक्या स्वस्त आणि इतक्या परिणामकारक गोष्टी वैद्यकात फार नाहीत. ही पद्धत आपल्या वॉर्डांत रोजची व्हावी, ही या पुस्तकामागची सर्वांत तातडीची मागणी आहे.

पुस्तकाचा आवाका मुद्दाम मर्यादित ठेवला आहे. ते कोणाला मानसोपचारतज्ज्ञ बनवत नाही, औषधांची यादीही देत नाही. वॉर्डात आणि ओपीडीत नेमके कुठे चुकते, दोन्ही बाजूंनी कसे चुकते, आणि कोणत्या प्रश्नाने ती चूक सापडते, एवढेच शोधते. लिहिणारे वेगवेगळ्या शाखांचे आहेत. काही जागी त्यांचे एकमेकांशी पटत नाही आणि संपादकांनी ते तसेच राहू दिले आहे. आयुर्वेद शिकलेल्या डॉक्टरांसाठीची टिपणेही मला आवडली. उन्माद आणि मदात्यय त्यांनी चरकात वाचलेलेच असतात, ते वाचन आजच्या खाटेपर्यंत आणण्याचा प्रयत्न त्यांत आहे.

शेवटी प्रश्नांची एक छोटी यादी जोडली आहे. प्रत्येक प्रश्नासमोर दोन ओळी कोऱ्या आहेत. डॉक्टरने आपल्या भागातल्या बोलीत तो प्रश्न कसा विचारला जातो, हे सिस्टरना, आशाताईंना, वॉर्डातल्या मावशींना विचारून तिथे लिहायचे आहे. पहिला प्रश्न झोपेचा आहे, दुसरा दारूचा, तिसरा जगावेसे वाटते का याचा. चौथा प्रश्न मी सुचवला आणि संपादकांनी तो ठेवला : ‘घरचं माणूस सध्या कुठं आहे?’